पहिल्या हप्त्यातून घेतलेला लॅपटॉप



गेल्या हंगामातल्या उसाचा पहिला हप्ता बँकेत जमा झाला, त्याच आठवड्यात मी एकवीस हजारांना फसलो. त्याची ही हकीकत. आपल्या गावागावांतून पोरं-पोरी इंजिनिअरिंगला, बीसीएला जाऊ लागली आहेत. ही पाळी आणखी कुणावर येऊ नये म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितो आहे.

थोरलीने कॉलेजसाठी लॅपटॉप मागितला. नवा घ्यायचा तर चाळीस-पंचेचाळीस हजार. सोसायटीचं कर्ज कापून हातात आलेल्या रकमेत ते बसेना. शहरातल्या एका दुकानावर पाटी दिसली : 'रिफर्बिश्ड लॅपटॉप, कंपनीचा माल, नव्यासारखा.' कंपन्या तीन-चार वर्षं वापरून लॅपटॉप काढून टाकतात. ते तपासून, खराब भाग बदलून पुन्हा विकायचे, याला रिफर्बिश्ड म्हणतात. धंदा मुळात वाईट नाही. जुना ट्रॅक्टर आपण घेतोच की! पण ट्रॅक्टर घेताना आपण तासांचा मीटर बघतो, इंजिन थंड असताना चालू करून धूर बघतो. इथं मी फक्त वरचं झाकण बघितलं. ते चकचकीत होतं. त्यावर नवा कागद चिकटवलेला होता, हे मागाहून कळलं.

"आप्पा, हा नुसता वायरीवर चालतोय," पोरगी तिसऱ्याच दिवशी म्हणाली. चार्जर काढला की वीस मिनिटांत बंद. आमच्या वस्तीवर लाईट कधी जाईल याचा नेम नाही. रात्री बारापर्यंत कॉलेजला प्रोजेक्ट पाठवायचा होता, साडेदहाला लाईट गेली आणि सगळं अंधारात. पोरगी रडली. मला तर काय बोलावं सुचेना.

दुकानात गेलो तर मालक म्हणाले, "बॅटरीची गॅरंटी नसते, पावतीवर छापलंय बघा." छापलं होतं, मुंगीएवढ्या इंग्रजीत.

मग पुण्याला नोकरीला असलेला भाचा सुट्टीला आला. त्याने कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला लागून 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाईप केलं. त्यात दोन आकडे मिळतात : बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती भरते किती. मूळ ४५ हजार मिलीवॉट-अवर, आज १३ हजार. शंभर टनांच्या फडात एकोणतीस टन ऊस! हे बघायला पाच मिनिटं लागतात, आणि ते दुकानातच बघायचं असतं.

"मामा, आणि हे बघा," म्हणून त्याने टचपॅडवर बोट ठेवलं. एका बाजूने ते वर आलेलं. आतली बॅटरी फुगली होती. अशी बॅटरी चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. पेट घेऊ शकते. आम्ही मात्र ती रात्रभर उशाशी चार्जिंगला लावत होतो.

दुसरी गोष्ट प्रोसेसरची. स्टिकरवर 'आय फाइव्ह' वाचून मी खूश झालो होतो. पण त्यापुढचा आकडा बघायचा असतो. आमचा सहापासून सुरू होतो, म्हणजे सहाव्या पिढीचा. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपला. म्हणजे मी घेतला तेव्हाच तो मुदत उलटलेला माल होता, आणि बॅटरी बदलून ते दुरुस्त होणारं नव्हतं.

भाच्याने १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवून दिली. पुढे दुकानदाराने मुकाट्याने बॅटरी बदलून दिली, पण पैसे परत द्यायला नकार. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातो आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. फक्त पावती लागते. माझी चार दिवस सापडत नव्हती. शेवटी मंडळींनी उसाच्या वजनचिठ्ठ्यांच्या पिशवीतून काढून दिली.