तरण्या घोड्याची पाठ गेली म्हणजे घोडा गेला?

घाटनांदूर पट्ट्यात लग्नसराईत वरातीसाठी घोडी लागते. माळेगावच्या यात्रेतून तरणं जनावर आणायचं, दोन दात दिसले की पाठीवर खोगीर चढवायचं आणि हलगीवर नाचवायला शिकवायचं, ही सर्रास रीत. वर्षभरात ते तंग आवळताना चावू लागतं, पाठ खाली दबवतं. मग कुणीतरी म्हणतं, ‘पाठ गेली, आता सुई देऊन मोकळं करा.’ इतक्या घाईने हा निर्णय घेऊ नये.

मुळात पाठ दुखते म्हणजे कणा मोडला असं नव्हे. घोड्याचे दोन दात अडीच वर्षांच्या आसपास येतात, पण पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला पाच वर्षं उलटतात. त्याआधी पडलेल्या ओझ्याने स्नायू आणि सांधे दुखावतात. पुष्कळदा दोष खोगिराचा असतो. खांद्याच्या उंचवट्यामागे पांढरे केस उगवले असतील, तर तिथे खोगीर रुतत होतं असं समजावं. कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठा दाबत मागे न्या. निरोगी घोडा किंचित पाठ हलवतो. दुखऱ्या घोड्याची पाठ लाकडासारखी ताठ होते किंवा एकदम खाली जाते, कान मागे पडतात. अशा जनावराला काही महिने स्वारीपासून सुट्टी, सूज उतरवणारी औषधं, दोरी हातात धरून चालवणं आणि नीट बसणारं खोगीर एवढ्यावरही बरं वाटू शकतं. मणक्यांची वरची टोकं एकमेकांवर घासत असली तरी इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया हे उपाय आहेत. एक्स-रेत हा दोष दिसूनही न दुखणारे घोडे आहेत. म्हणून नुसत्या फोटोवरून निकाल देऊ नये.

‘मागून झुलतो म्हणजे कंबर तुटली’ हा समज तर जिवावर बेततो. गोमाश्या चावून पसरणाऱ्या सर्रा रोगातही घोडा वाळतो आणि मागचे पाय लटपटतात. तो रक्त तपासून कळतो आणि त्याच्यावर औषध आहे. सुट्टीत भरपूर खुराक खाल्लेला घोडा अचानक कामाला जुंपला की त्याची मागची बाजू आखडते आणि लघवी काळपट होते. तो स्नायूंचा आजार आहे. त्याला चालवू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा. पाठीवर डाग देणं हा यातल्या कशावरच उपाय नाही, ती नुसती इजा आहे.

परभणी आणि उदगीर, दोन्हीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. घोड्याच्या पाठीचा एक्स-रे काढायला ताकदीचं यंत्र लागतं, तेव्हा आधी फोन करून विचारूनच गाडी करा.

आता दुसरी बाजू. ‘जीव आहे तोवर ठेवायचा’ हीच दया, असंही नाही. मणका मोडून मज्जारज्जू तुटला, मागचे पाय लुळे पडले, घोडा उठूच शकत नाही, तर स्वतःच्याच वजनाखाली त्याचे स्नायू चिरडतात, अंगाला जखमा पडतात. तिथे दिवस ढकलणं म्हणजे छळ. मानेतल्या मणक्यांचा दाब मज्जारज्जूवर पडून जो घोडा अडखळत, पाय ओढत चालतो आणि उपचारानेही सुधारत नाही, त्याच्यावर कधीच बसू नये. तो स्वारासकट कोसळतो. वेदना आवरत नसतील तर सुखाने मरण देणं योग्य. ते पशुवैद्यानेच द्यावं, आधी पूर्ण बेशुद्ध करून. नंतर खड्डा खोल हवा, कारण त्या औषधाचा अंश मांसात राहतो आणि कुत्री, गिधाडं मरू शकतात.

‘कमाई बंद झाली, माळावर सोडून दिला की आपल्या माथी पाप नाही,’ असंही ऐकू येतं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार, भुकेने-तहानेने हाल होतील अशा रीतीने जनावर सोडून देणं गुन्हा आहे, आणि दुखऱ्या, कामाला नालायक जनावराला जुंपणंही. वरातीला न चालणारी पण वेदना आटोक्यात असलेली घोडी कुरणात चांगली वर्षं काढू शकते. तो खर्च झेपत नसेल, तर सांभाळणारा दुसरा मालक शोधावा आणि तिच्या पाठीचं दुखणं त्याला आधीच सांगावं.