रोजकीर्द, खतावणी आणि ताळा

दिवाळीत पेढीवर ज्या वहीची पूजा होते, तिच्यामागे हिशेबाची एक पूर्ण पद्धत उभी आहे आणि तिची परिभाषा मराठीत फार पूर्वीपासून रुळलेली आहे. घरखर्चाविषयी आज जे सल्ले मिळतात, त्यांत मात्र तिचा उपयोग क्वचितच केलेला आढळतो. मराठेशाहीत दिवसाचा जमाखर्च रोजकिर्दीत चढवला जात असे, आणि पेशव्यांच्या रोजकिर्दींतून गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले उतारे पुढे छापले गेल्यामुळे त्या राज्याच्या कारभाराचे कितीतरी तपशील अभ्यासकांच्या हाती आले. त्या व्यवस्थेत फडणीस लिहीत, पोतनीस रोकड सांभाळीत आणि मुजुमदार तपासणी करीत. ही पदे आज केवळ आडनावे म्हणून उरली असली, तरी कामांच्या या वाटणीला अर्थ होता. घरात तिन्ही कामे बहुधा एकाच व्यक्तीच्या गळ्यात पडतात, आणि त्यांतले तिसरे सर्वांत आधी सुटते.

रोजकीर्द म्हणजे व्यवहार ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने केलेली दैनंदिन नोंद. तिच्यात दूध, रिक्षाभाडे, औषधे आणि लग्नातला आहेर एकाखाली एक येतात, त्यामुळे कोणत्या दिवशी किती पैसे गेले हे कळते, परंतु वर्षभरात औषधांवर किती गेले हे कळत नाही. त्यासाठी खतावणी लागते. म्हणजे रोजकिर्दीतील प्रत्येक रक्कम उचलून किराणा, शिक्षण, आरोग्य, प्रवास अशा आपापल्या खात्यावर मांडणे. घरगुती खतावणीला आठ-दहा खाती पुरेशी असतात. ती चाळीसवर गेली की प्रत्येक नोंदीपाशी विचार करावा लागतो, आणि ‘किरकोळ’ हे खाते इतर सर्व खात्यांना गिळू लागते.

परंतु वहीचा खरा प्राण ताळ्यात असतो. सकाळची शिल्लक अधिक दिवसाची जमा, उणे दिवसाचा खर्च, यांतून निघणारी रक्कम आणि हातातली प्रत्यक्ष रोकड यांचा मेळ घालणे म्हणजे ताळा पाहणे. दिवसाच्या आरंभी २,००० रुपये हाती असतील, ५०० रुपये आले असतील आणि वहीत ९०० रुपयांचा खर्च असेल, तर पाकिटात १,६०० रुपये असावयास हवेत. ते १,४५० निघाले, तर १५० रुपयांची एखादी नोंद निसटली आहे एवढे निश्चित. हा फरक त्याच संध्याकाळी आठवतो, महिनाअखेरीस आठवत नाही. वर्षाच्या आरंभी उत्साहाने सुरू झालेल्या वह्या मध्येच कोऱ्या राहतात, याला आळसाइतकेच ताळा न पाहणेही कारणीभूत असावे, कारण जी वही खरी की खोटी हे कळण्याचा मार्गच नाही, तिच्यावरचा विश्वास उडायला वेळ लागत नाही.

इटलीतील गणितज्ञ लुका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिस येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांवर लिहिण्याच्या रीतीचे, विवेचन केले. घराला ती संपूर्ण पद्धत नको असते, तिच्यातला एक भेद मात्र हवा असतो: जमा आणि उत्पन्न एक नव्हेत. पगार हे उत्पन्न आहे, तर हातउसने घेतलेले पैसे जमेच्या बाजूस लिहिले जात असले तरी ते देणे आहे. ग्रामीण महाराष्ट्रात पीककर्जाचे ‘नवं-जुनं’ करण्याचा जो प्रघात आहे, त्यात जुने कर्ज फेडून लगेच नवे उचलले जाते. जमाखर्चात दोन्ही रकमा दिसतात, प्रत्यक्षात देणे बहुतांशी जागच्या जागी राहते. क्रेडिट कार्डाची किमान रक्कम भरून उरलेली बाकी पुढच्या महिन्यात ढकलणारे शहरी कुटुंब यापेक्षा फारसे वेगळे काही करीत नाही. त्याचा व्याजदर मात्र कितीतरी अधिक असतो.

अंदाजपत्रकाचा क्रम यानंतरचा आहे. अंदाज आधी आणि नोंद मागाहून, असा उलटा क्रम लावल्यास आकडे इच्छेचे होतात, घराचे होत नाहीत. किमान तीन महिन्यांची खतावणी हाती आल्यावर प्रत्येक खात्याची सरासरी काढावी, आणि वर्षातून एकदाच येणारे खर्च वेगळे मांडावेत. विम्याचा ८,४०० रुपयांचा हप्ता हा एका महिन्याचा धक्का नसून दरमहा ७०० रुपयांचा खर्च आहे. शाळेचे शुल्क, घरपट्टी आणि दिवाळीही त्याच जातीची.

महिना हे एकक तरी सर्वांना कोठे लागू पडते? आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि तोडणीला दीड वर्षाच्या आसपास काळ जातो. ऊस गाळपास गेल्यावर चौदा दिवसांत किमान दर द्यावा, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तरीही अशा कुटुंबाचा पैसा एकदम येतो आणि खर्च रोज होतो. त्याचे अंदाजपत्रक हंगाम ते हंगाम असेच असावे लागते.

जपानमध्ये हानी मोतोको या महिला पत्रकाराने १९०४ साली गृहिणींसाठी ‘काकेइबो’ ही छापील हिशेबवही काढली, तिच्यात प्रत्येक बाबीची रक्कम आधी ठरवून मग खर्च तिच्याशी ताडून पाहण्यावर भर होता. आपल्याकडे बचत गटांच्या पंचसूत्रीत नियमित हिशेबलेखन हे एक सूत्र आहे, आणि गटाची वही चोख लिहिणाऱ्या घरात स्वतःची वही नसणे ही विसंगती काही दुर्मिळ नाही.

२०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून रोजकीर्द जणू आपोआप लिहिली जाऊ लागली आहे: तारीख, वेळ, रक्कम आणि पैसे घेणाऱ्याचे नाव, सारे बँकेच्या विवरणात मिळते. जुन्या वहीत मात्र रकमेसोबत ‘हस्ते’ म्हणजे कोणाच्या हातून आणि ‘बाबत’ म्हणजे कशासाठी, हेही लिहिले जाई. एकाच किराणा दुकानात दिलेल्या ६४० रुपयांत तांदूळ किती, शीतपेये किती, आणि ते संयुक्त खात्यातून कोणी दिले, हे विवरण सांगत नाही. ते दोन रकाने अजूनही हातानेच भरावे लागतात.