एक मोरपंखी, दोन पडदे

आमच्या घरात वादाला तोटा नाही. पण तो बहुधा चहात साखर किती, पंखा किती वेगाने, असल्या सांसारिक प्रश्नांवर असतो आणि पाने मांडेपर्यंत मिटतो. गेल्या श्रावणात मात्र एका रंगावरून असा वाद पेटला की तो चांगला पंधरा दिवस पुरला. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला आमची मुलगी, मध्ये सासूबाई, आणि न्यायाधीशाच्या जागी मी. न्यायाधीश मराठीची प्राध्यापिका! म्हणजे रंगांची नावे पुष्कळ पाठ, पण रंग ओळखण्याची परीक्षा कधी दिलेली नाही.

त्याचे असे झाले. मुलीचे लग्न माघात ठरले. सासूबाईंची स्वतःच्या लग्नातली मोरपंखी पैठणी गेली साठ वर्षे ट्रंकेत आहे. पण घडीघडीवर विरली आहे, नेसायची सोय नाही. "काठपदर कसेही असू देत, पण पोरीच्या अंगावर तो रंग मला एकदा पाहू दे," एवढेच त्यांचे मागणे. ऐंशीच्या घरातल्या माणसाचे एवढेसे मागणे मोडण्याची छाती कुणाला? आम्ही येवल्याच्या एका विणकरांना गाठले. त्यांनी रेशमाच्या बारा लडींची छायाचित्रे पाठवली आणि कळवले, "यातली एक पसंत करा, म्हणजे तसे रेशीम रंगवून मागावर चढवतो. एकदा चढवले की मग बदल नाही."

आमच्या घरी बाप-लेकीचे दोन लॅपटॉप आहेत. कंपनी एक, नमुना एक, दसऱ्याला एकाच दुकानातून एकाच पिशवीतून आलेले. हे आपल्या लॅपटॉपवर लडी पाहून म्हणाले, "सातवी. दुसरी पाहायलाच नको." मुलीने आपल्या लॅपटॉपवर सातवी पाहिली आणि म्हणाली, "बाबा, अहो, हा मोरपंखी? हे तर शेवाळ!" दोन्ही यंत्रे जेवणाच्या टेबलावर शेजारी मांडली. तेच छायाचित्र, तीच लड. एका पडद्यावर निळ्याकडे झुकलेली, दुसऱ्यावर हिरव्याकडे. सासूबाईंनी चष्मा लावून दोन्हीकडे पाहिले आणि तिसराच निकाल दिला: "दोन्ही नव्हेत."

आपल्याकडे अशा वेळी वरच्या मजल्यावर हाक मारायची पद्धत आहे. तिथला मुलगा छायाचित्रांचे रंग दुरुस्त करण्याचे काम करतो. तो संध्याकाळी आला, दोन्ही लॅपटॉप उघडले आणि प्रथम मुलीच्या यंत्रावरचा "रात्रीचा उजेड" बंद केला. झोपेला त्रास होऊ नये म्हणून पडद्यातला निळा प्रकाश कमी करण्याची ही सोय. ती चालू असली की सगळ्या जगाला हळद लागते. निम्मा वाद तिथेच मिटला. उरलेला निम्मा मिटेना, तेव्हा त्याने यंत्राच्या पोटातली माहिती काढली. प्रत्येक पडदा आपल्या कारखानदाराचा तीन अक्षरांचा संकेत आणि क्रमांक यंत्राला सांगत असतो. ते संकेत वाचून तो हसला. "काकू, ही जुळी नाहीत. एका घरात वाढलेली, पण आया वेगळ्या!"

मला ही गोष्ट नवी होती. बहुतेक वाचकांनाही असेल. लॅपटॉपवर नाव ज्या कंपनीचे असते तिने पडदा स्वतः केलेला असतोच असे नाही. पडद्याचे पॅनेल करणारे कारखाने जगात मोजके: दक्षिण कोरियातले एलजी आणि सॅमसंग, तैवानातले एयूओ आणि इनोलक्स, चीनमधले बीओई, जपानचे शार्प. लॅपटॉप विकणारा एका नमुन्यासाठी दोन-तीन कारखान्यांकडून माल घेतो, म्हणजे एकाकडे तुटवडा पडला तरी काम अडत नाही. गिऱ्हाइकाला डबा एकच दिसतो. आतला पडदा कुणाचा, हे डब्यावर सहसा लिहीत नाहीत.

पण कारखाना बदलला म्हणून रंग का बदलावा? मुलाने मला समजावले, आणि मी ते माझ्या स्वयंपाकघराच्या भाषेत करून घेतले. छायाचित्रात रंग नसतोच. असतात ते नुसते आकडे. प्रत्येक ठिपक्याला लाल किती, हिरवा किती, निळा किती, असे ० ते २५५ पर्यंतचे तीन आकडे. त्यांच्या जुळण्या होतात १,६७,७७,२१६. म्हणजे छायाचित्र ही पाककृती, आणि पडदा हा स्वयंपाकी. कृतीत लिहिले आहे "एक वाटी निळा"; पण तुमची वाटी आणि माझी वाटी सारखी कुठे असते?

ही वाटी लहानमोठी होते ती अशी. पडद्याच्या पाठीमागे पांढरा दिवा असतो. तो बहुधा मुळात निळा दिवा. त्यावर पिवळसर चमकणाऱ्या द्रव्याचा लेप दिला की दोन्ही मिळून पांढरा दिसतो. (या निळ्या दिव्याच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.) लेप तीळभर कमी झाला तर पांढरा निळसर, अधिक झाला तर पिवळट. दिव्यापुढे द्रवस्फटिकांचा थर. हे पदार्थ प्रथम १८८८ साली फ्रीडरिश रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले, आणि तेही गाजरातल्या एका द्रव्याचा अभ्यास करताना! विजेच्या इशाऱ्याने हे स्फटिक झडपांसारखे उघडमीट करतात. त्यांच्यापुढे लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या बारीक गाळण्या. गाळणी फिकी घातली तर दिव्याला वीज कमी लागते, खर्चही वाचतो. पण रंग पातळ होतात, पाणी घातलेल्या आमटीसारखे. स्वस्त जातीच्या काही पडद्यांत तर मान जरा तिरकी केली तरी रंग पालटतो. कोचावरचे सासरे आणि खुर्चीवरची सून यांचे एकमत अशा पडद्यापुढे होणे नाही.

मग खरा रंग कोणता? या प्रश्नावर आमच्या घरी सगळे आपापल्या पडद्याची बाजू घेऊन बसले होते. यांना आपला खरा वाटे, मुलीला आपला. कारण साधे आहे: डोळा ज्या पांढऱ्यापुढे वर्षभर बसतो तोच पांढरा म्हणून धरतो, आणि दुसऱ्या प्रत्येकाला पिवळा नाहीतर निळा म्हणून नावे ठेवतो. सवयीलाच आपण सत्य म्हणतो. म्हणून जगाने एक त्रयस्थ नेमला. १९३१ साली प्रकाशाच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने "प्रमाण डोळा" ठरवला. इंग्लंडातल्या सतरा माणसांच्या डोळ्यांच्या मापांवरून. आजही जगातले रंगांचे हिशेब त्या सतरा जणांच्या पायावर उभे आहेत. पडद्याचा प्रमाण पांढरा ठरला तो दिवसाच्या उजेडाचा, सुमारे ६५०० केल्व्हिनचा.

हे ऐकून मला लक्ष्मी रस्त्यावरची खरेदी आठवली. सासूबाई साडी पसंत करतात ती कधी दुकानातल्या दिव्याखाली नाही. दुकानदाराने ढीग टाकला की दोन उचलायच्या आणि थेट दाराशी, उजेडात. मी नवी सून असताना मला संकोच वाटे. आता कळले की ते काही खुळ नव्हते. अकरा-बाराच्या सुमाराचा, ऊन टाळून पडणारा उजेड हाच प्रमाणाच्या जवळचा!

दुसऱ्या दिवशी तो मुलगा एक उपकरण घेऊन आला. लहान लाडवाएवढे, खालच्या बाजूला काचेचा डोळा, वर वायर. पडदे अर्धा तास चालू ठेवून तापू दिले, खोलीतले दिवे मालवले, उजेडाप्रमाणे आपोआप कमीजास्त होणारी सोय बंद केली. पडद्याची प्रभा दर चौरस मीटरला १२० कँडेलाच्या आसपास आणली. मग तो लाडू पडद्यावर चिकटून बसला आणि त्याच्याखाली रंगांच्या चौकटी एकामागून एक येऊ लागल्या: लाल, हिरवी, निळी, मग राखाडीच्या कितीतरी छटा. यंत्र सांगे, "मी एवढा निळा मागितला", लाडू म्हणे, "मिळाला त्याहून जास्त." पंधरावीस मिनिटे हा जमाखर्च चालला. शेवटी यंत्राने प्रत्येक पडद्याची एक नोंद तयार केली. त्या नोंदीला "प्रोफाइल" म्हणतात. तिचा अर्थ इतकाच, की या घरची वाटी पावपट मोठी आहे, तेव्हा माप घेताना तेवढे कमी घ्या. यांच्या पडद्याचा पांढरा बराच निळसर निघाला. मुलीचा जवळजवळ बरोबर, पण रंगांना पातळ. म्हणजे दोघांचीही थोडी थोडी चूक, हा संसारातला नेहमीचा निकाल.

दोन्ही नोंदी लावल्यावर सातवी लड पुन्हा उघडली. जादू झाली नाही, पण जवळीक झाली. मघाचे निळे आणि हिरवे आता चुलत बहिणींसारखे दिसू लागले. रंगांतले हे अंतर मोजण्याचे "डेल्टा ई" नावाचे एकक आहे; साधारण एक म्हणजे निरखून पाहणाऱ्याला जेमतेम जाणवेल इतका फरक. राखाडी छटांत आमचे पडदे त्या मर्यादेजवळ आले. गडद मोरपंखीत मात्र मुलीचा पडदा मागेच राहिला. मी म्हटले, "आणखी एकदा लावून पाहा ना." तो म्हणाला, "काकू, नोंद फक्त माप सुधारते. पडद्यात मुळात नसलेला रंग ती कुठून आणणार?" आडात नाही तर पोहऱ्यात कोठून! त्यातून हा निळसर हिरवा रंगच द्वाड. संगणकासाठी १९९६ साली जी सामान्य रंगचौकट ठरली, तिच्या बाहेर जे रंग राहिले त्यांत अस्सल मोरपंखीच्या कितीक छटा आहेत. आणि पैठणीत तर उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. चालताना रंग हलतो. ती धूपछाव कुठल्याच स्थिर चित्रात उतरत नाही.

रंग दूरवर पाठवण्याचे दुःख महाराष्ट्राला नवे नाही. प्रभात कंपनीने १९३३ साली "सैरंध्री" रंगीत करायचा म्हणून त्याची प्रक्रिया जर्मनीत करवून घेतली. रंग मनाजोगे उतरले नाहीत. पुण्यातल्या प्रभातच्या त्याच आवारात १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था आहे. चित्रपटाचे रंग जुळवणारे लोक आज मापलेल्या पडद्यापुढे, राखाडी भिंतींच्या मंद खोलीत बसतात, ते उगीच नव्हे.

मुलीने शेवटी विचारले, "पण विणकरकाकांच्या फोनने जे छायाचित्र काढले, त्या फोनचे काय?" प्रश्न बिनतोड होता. पडद्यांनी आम्हांला बारातून तीनवर आणले होते. तिनातून एक त्यांच्याने होणार नव्हते. तेव्हा सासूबाईंनी स्वतः ट्रंक उघडली. पैठणीच्या घडीच्या अगदी आत, जिथे साठ वर्षांत उजेड शिरला नाही, तिथला एक दोरा त्यांनी ओढून दिला. देताना हात जरा थबकला, एवढेच. तो दोरा कागदात गुंडाळून येवल्याला गेला आणि आठ दिवसांनी तीन खऱ्याखुऱ्या लडी घरी आल्या. सोबत तो दोराही.

सासूबाई सकाळी दहाला गॅलरीत बसल्या. त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू गेल्या वर्षी काढला. डाव्याचा अजून आहे. एकदा हा डोळा मिटायच्या, एकदा तो. "याने पाहिले तर निळा, त्याने पाहिले तर हिरवट," त्या म्हणाल्या. मला टेबलावरचे दोन लॅपटॉप आठवले. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे पडते आणि निळा प्रकाश अडवते. काढून नवे बसवले की निळा परत येतो. इतकी वर्षे आजी मोरपंखी म्हणून जो हिरवट रंग सांगत होत्या, तो पिवळ्या भिंगातून पाहिलेला होता. त्यांनी डावा डोळा हाताने झाकला, दोरा एकेका लडीवर ठेवून पाहिला. दुसऱ्या लडीवर तो दिसेनासा झाला. ती तिघींत सर्वांत निळी होती.

"माझ्या मनात हा नव्हता," त्या हळूच म्हणाल्या. "पण लग्नात पाहिला तो तरण्या डोळ्यांनी. दोरा खोटे कशाला बोलेल?"

मुलीने त्यांचा हात धरला. मी येवल्याला फोन लावला.

दिवाळीची खरेदी पडद्यावर करणाऱ्या वाचकांना मी एवढेच सांगेन: रात्रीचा उजेड बंद करा, पडदा समोरून पाहा, शक्य तर दुसऱ्या पडद्यावरही पाहा, आणि नापसंत पडल्यास वस्तू परत घेतात की नाही ते आधी विचारा. आणि घरात कुणी "उजेडात धर ग जरा" म्हणाले, तर कंटाळू नका.

आमची पैठणी मागावर चढली आहे. सासूबाई दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया लग्नाआधीच करून घ्या म्हणून मागे लागल्या आहेत. इतके दिवस डॉक्टरांचे नाव काढले की त्या विषय बदलत असत!