नाव एकाचे, दान दुसऱ्याचे

साठी, पंचाहत्तरी किंवा वर्षश्राद्धाच्या निमित्ताने आप्ताच्या नावे एखाद्या संस्थेला देणगी द्यायची आणि पावती त्याच्या हाती ठेवायची, ही पद्धत आता रुळली आहे. तिला अलीकडची टूम म्हणणाऱ्यांनी नाशिकची पांडवलेणी पाहावीत, असे मला वाटते.

तेथील तिसऱ्या लेण्यात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षाचा प्राकृत लेख आहे. त्याची आजी गौतमी बळश्री हे लेणे भद्रायनीय भिक्षूंना देते. लेखाचा बराचसा भाग मात्र तिने आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या गुणवर्णनाला दिला आहे. अखेरीस नातू आजीच्या सेवेसाठी त्या लेण्याला पिसाजिपदक हे गाव देतो. तेथे ‘पितुपतियो’ असा शब्द येतो. दानाचे पुण्य पित्याला अर्पण, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. गाव मुलाचे, पुण्य बापाचे, उपयोग भिक्षूंचा. तिन्ही बाजू दगडावर स्वतंत्रपणे नोंदल्या आहेत.

पण नाव कोरल्याने दान टिकत नाही. ते कसे टिकते, हे दहाव्या लेण्यातील उषवदाताचा लेख सांगतो. नहपानाच्या या जावयाने ३००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायची ठेव केली. त्यांपैकी २००० गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने ठेवले. वर्षाचे व्याज २४०. लेण्यातील २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. हिशेब तंतोतंत जुळतो. शिवाय हे सारे निगमसभेत वाचून दाखवले आणि फलकावर नोंदवले.

आपल्या शाळांतील स्मृतिपारितोषिके याच अक्षयनीवीच्या वंशातली. फरक एवढाच, की जुन्या ठेवीचे व्याज आज एका वहीलाही पुरत नाही. नाव दरवर्षी पुकारले जाते, दान मात्र केव्हाच आटलेले असते.

म्हणून दुसऱ्याच्या नावे देताना दोन गोष्टी पाहाव्यात, असे मी म्हणेन. हयात व्यक्तीला तिच्या मनाजोगते कार्य आधी विचारावे. आपल्या आवडीवर तिचे नाव चिकटवू नये. आणि ठेव ठेवायची असेल, तर ती किती वर्षे पुरेल हे संस्थेकडून लिहून घ्यावे, अन्यथा रक्कम थेट खर्चासाठी द्यावी. एका मुलीची वर्षभराची फी भरली गेली, तर त्या नावाचे सार्थक झाले.