शेतांत सांपडलेलें धन व त्यावरील हक्क

नांगरट करतांना, विहीर खणतांना, किंवा ओसाड पडलेल्या जुन्या गांवठाणांतील पांढरीची माती खतासाठीं उकरतांना एखादें मडकें हातीं लागावें आणि त्यांत जुनीं नाणीं किंवा दागिने निघावे, असे प्रसंग आपल्याकडे नवे नाहींत. पेढ्या व बँका जेथें पोंचल्या नव्हत्या आणि लूटमारीचें भय जेथें नित्याचें होतें, तेथें घराची भुई व शेताचा बांध हींच कुटुंबाची तिजोरी असे. पुरून ठेवणारा मनुष्य दूरदेशीं मरण पावला किंवा साथींत घरचें घर बुडालें, म्हणजे ती ठेव तशीच जमिनींत राही. जुन्या सनदांत व खरेदीखतांत जमीन देतांना ती जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि व निक्षेप यांसह दिली असें लिहिण्याचा प्रघात होता. त्यांतील 'निधि' व 'निक्षेप' हे शब्द अशाच पुरलेल्या धनास अनुलक्षून आहेत.

असें धन ज्याच्या हातीं येतें तो बहुधा आनंदापेक्षां भयानेंच अधिक ग्रासला जातो. सरकारास कळलें तर सर्व जप्त होईल, ही समजूत खेडोपाडीं इतकी दृढ आहे कीं, रातोरात सोनाराचें घर गांठून नाणीं आटविणें हाच शहाणपणा मानला जातो. वस्तुतः कायदा याच्या उलट आहे. जो वर्दी देतो त्याचा हिस्सा कायदा राखतो. जो लपवितो त्याचाच हिस्सा सरकारजमा होतो. ही गोष्ट शेतकरी बंधूंस नीट समजावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

वस्तूंचे तीन प्रकार

हरवलेली, टाकून दिलेली व पुरून ठेवलेली वस्तु यांतील भेद प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे. मालकानें 'ही मला नको' अशा बुद्धीनें जी वस्तु टाकली, तीवर त्याचा हक्क उरत नाहीं. ती उचलणारा कोणाचा अपराध करीत नाहीं. परंतु बाजाराच्या वाटेवर पडलेली आंगठी किंवा दावें तोडून आलेला बैल यांस कोणीं टाकलेलें नसतें. मालक त्यांच्या शोधांत असतो. म्हणून मोकाट जनावर कोंडवाड्यांत पोंचतें करावें. दावणीस बांधून आपलेंसें करूं नये.

हरवलेली वस्तु जो उचलून ताब्यांत घेतो, त्याजवर १८७२ च्या करार कायद्यानें (कलम ७१) दुसऱ्याची ठेव संभाळणाऱ्याइतकी जबाबदारी टाकली आहे. समंजस मनुष्य स्वतःच्या वस्तूची जशी काळजी घेईल तशी त्यानें ती घ्यावी व मालकाचा शोध करावा. शोधापायीं व संभाळापायीं झालेला खर्च मिळेपर्यंत वस्तु अडवून ठेवण्याचा त्यास हक्क आहे. मात्र त्या खर्चासाठीं दावा लावतां येत नाहीं. मालकानें ठराविक बक्षीस जाहीर केलें असल्यास तेवढ्यापुरता दावा चालतो (कलम १६८). योग्य शोध करूनहि मालक न सांपडल्यास, किंवा त्यानें वाजवी खर्च देण्याचें नाकारल्यास, नेहमीं विकल्या जाणाऱ्या जातीची वस्तु विकतां येते. पण तीहि नासण्याच्या बेतांत असेल किंवा खर्च तिच्या किंमतीच्या दोन-तृतीयांश झाला असेल तरच (कलम १६९). मालकाचा कांहींएक शोध न करतां मौल्यवान आंगठी लगेच विकून टाकणें हा तर गुन्हाच आहे. पूर्वीं तो १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ४०३ खालीं येत असे. ता. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ अन्वयें त्यास सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद व शिवाय दंड अशी शिक्षा आहे.

तिसरा प्रकार पुरलेल्या धनाचा. त्यासाठीं १८७८ चा स्वतंत्र निधि-कायदा आहे, व शेतकऱ्यास खरा संबंध येतो तो याच कायद्याशीं.

वर्दी कशी द्यावी

जमिनींत किंवा जमिनीस जोडलेल्या भिंत, चौथरा इत्यादि वस्तूंत लपविलेली कोणतीहि किंमतीची चीज, ही या कायद्यानें 'निधि' होय. नाणीं व दागिनेच नव्हेत, तर तांब्या-पितळेचीं भांडीं व मूर्तीहि त्यांत येतात. निधीची किंमत दहा रुपयांहून अधिक असल्यास वर्दी देणें आवश्यक आहे. ही मर्यादा १८७८ सालची आहे. आज चांदीचें एक नाणेंहि ती ओलांडतें, हें विसरूं नये.

सांपडणारानें शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावें. त्या लेखांत तीन गोष्टी असाव्या : निधीचें स्वरूप व अंदाजी किंमत, सांपडल्याची जागा, आणि सांपडल्याची तारीख. त्याबरोबरच निधि जवळच्या सरकारी खजिन्यांत जमा करावा, किंवा मागतील तेव्हां हजर करण्याबद्दल जिल्हाधिकारी ठरवतील तो जामीन द्यावा.

यानंतर जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात. ज्या कोणाचा हक्क असेल त्यानें अमुक दिवशीं हजर व्हावें, असा तिचा मजकूर असतो. हा दिवस नोटिशीपासून चार महिन्यांच्या आंत किंवा सहा महिन्यांच्या पुढें असतां कामा नये. जागा दुसऱ्याच्या ताब्यांत असल्यास त्यास निराळी नोटीस जाते. जो हजर राहत नाहीं तो आपला हक्क गमावतो. सबब जमीनमालकानें ही नोटीस केराच्या टोपलींत टाकूं नये. निधि शंभर वर्षांच्या आंत पुरला गेला व पुरणाराचा वारस पुढें आला, असें चौकशींत दिसल्यास, त्यास दिवाणी दावा लावण्यास मुदत दिली जाते. आजोबांनीं पुरलेली ठेव नातवास परत मिळण्याचा मार्ग हा आहे. असा वारस सिद्ध न झाल्यास निधि बेवारस ठरतो.

वांटणीचा हिशेब

बेवारस ठरलेला निधि सरकारच्या घरांत जात नाहीं, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. जागेचा मालक म्हणून दुसरा कोणी पुढें न आल्यास सर्व निधि सांपडणारास मिळतो. सांपडणारा निराळा व जागेचा मालक निराळा असल्यास, आणि त्यांच्यांत आधींचा कांहीं करार नसल्यास, तीन-चतुर्थांश सांपडणाराचा व एक-चतुर्थांश मालकाचा, असा नियम आहे. करार असल्यास वांटणी कराराप्रमाणें होते. मजुरीवर खणणाऱ्या गड्यास या कलमाच्या शब्दांनीं वगळलेलें नाहीं. म्हणून विहिरीच्या कामावरील मजुरास 'तुझा यांत कांहीं संबंध नाहीं' असें सांगून गप्प बसविणारा मालक त्याचा मोठा हिस्सा बुडवितो. जमीन विकतांना विकणारानें खतांत निधीचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला असेल, तर त्यापुरता तोच मालक समजला जातो. यास्तव जुनीं खतें वाचून पाहावीं.

निधि संग्रहालयास योग्य असल्यास सरकारास तो घेतां येतो, पण फुकट नव्हे. धातूची किंमत व तिचा आणखी पांचवा हिस्सा इतकी रक्कम हक्कदारांस द्यावी लागते. उदाहरणार्थ, निधीतील धातूची किंमत ४,००,००० रुपये धरूं. वांटणी झाल्यास सांपडणाराचे ३,००,००० व मालकाचे १,००,००० रुपये होतात. सरकारनें घेतल्यास एकंदर ४,८०,००० रुपये द्यावे लागतात. त्यांत सांपडणाराचे ३,६०,००० व मालकाचे १,२०,००० येतात. स्वतःच्याच शेतांत सांपडल्यास व अन्य हक्कदार नसल्यास सर्व रक्कम एकाचीच.

लपविल्यास काय होतें

आतां दुसरी बाजू पाहूं. ज्यानें वर्दी दिली नाहीं, निधि जमा केला नाहीं वा जामीन दिला नाहीं, किंवा ओळख बुजविण्यासाठीं निधि आटविला अगर मोडला, त्याचा हिस्सा कलम २० प्रमाणें सरकारजमा होतो. शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. या कामीं साहाय्य करणाऱ्या जागेच्या मालकाचाहि हिस्सा जातो व त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. शिवाय चोरून विकणारास भाव कधींच पुरता मिळत नाहीं. घेणारा त्याची अडचण जाणतो व मनाला येईल तो दर देतो. पुढें गुपित फोडण्याचा धाकहि तोच घालतो.

जुन्या मूर्ति व शिल्पें यांस १९७२ चा पुरावस्तु-कायदाहि लागू होतो. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं, व खाजगी इसमास त्या परदेशीं पाठवितां येत नाहींत.

एका मडक्यांत काय असतें

नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें १९०६ सालीं तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा सांठा मिळाला. तीं क्षत्रप राजा नहपान याचीं होतीं, आणि त्यांपैकीं बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हा मारलेला होता. सातवाहन राजानें नहपानाची सत्ता मोडून त्याचें चलन आपलेंसें केलें, याचा इतका बळकट पुरावा दुसरा क्वचितच असेल. तीं नाणीं मुशींत गेलीं असतीं तर चांदीच्या लगडी उरल्या असत्या व इतिहास नाहींसा झाला असता. तसेंच अहिल्यानगर (पूर्वींचा अहमदनगर) जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं एका शेतकऱ्यास झाडाचें मूळ खणतांना कांशाच्या चार वस्तु मिळाल्या : बैलजोडी जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा व रेडा. त्यांचें एकंदर वजन साठ किलोंच्या वर होतें. मोडीच्या भावानें त्यांची किंमत ती काय झाली असती? आज त्यांची गणना भारतांतील प्राचीन धातुशिल्पाच्या श्रेष्ठ नमुन्यांत होते.

एक इशारा

अकस्मात् सांपडलेलें धन निराळें व हांवेनें धुंडाळलेलें निराळें. मांत्रिकाच्या सांगण्यावरून गुप्तधनासाठीं रात्रीं खड्डे खणणें, पशूचा व प्रसंगीं मनुष्याचाहि बळी देणें, असले प्रकार आपल्या राज्यास लांछन आहेत. गुप्तधनाच्या नांवाखालीं अमानुष व अघोरी कृत्य करणारास महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. बळी दिल्यास खुनाचा गुन्हा निराळा. असल्या मांत्रिकांच्या दक्षिणेपायीं शेत गहाण टाकण्यापेक्षां तोच पैसा विहिरीस लावावा.

सारांश, जमिनींत कांहीं सांपडल्यास काम तेथेंच थांबवावें. वस्तु घासूं, धुवूं किंवा वांटून घेऊं नये. तलाठी व पोलीस पाटील यांस बोलावून पंचांसमक्ष मोजदाद करावी, छायाचित्र घ्यावें, कोणाच्या हातानें कोठें सांपडलें हें पंचनाम्यांत लिहवावें, जिल्हाधिकाऱ्यांस लेखी वर्दी द्यावी व तिची पोंच जपून ठेवावी. हक्क सांगण्याची वेळ येईल तेव्हां ती पोंचच कामीं येईल.