घाटातला कातळ आणि हिमालयाची जन्मकथा

कर्जतला मागून रेटणारी बँकर इंजिनं जोडून गाडी पळसदरी सोडते आणि ठाकूरवाडी, मंकी हिल करत घाट चढू लागते. तिथून खंडाळ्यापर्यंत दोन्ही अंगांना काळा कातळ सोबत करतो. खोपोलीकडून गाडीरस्त्यानं वर आलात तरी तोच. १८६३ साली या घाटातून रेल्वे सुरू झाली, ती सुरुंग लावून फोडलेल्या याच दगडातून. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हाचे लोट थरावर थर पसरत गेले आणि त्यातून हा कातळ बनला. गेल्या सत्तरेक वर्षांत त्यानं सह्याद्रीबद्दल बरंच सांगितलं आणि दीड हजार किलोमीटरवरच्या हिमालयाबद्दलही तेवढंच मोलाचं काही सांगितलं. ती साक्ष कशी मिळवली गेली, त्याचा हा मागोवा.

घाटातला हा कातळ म्हणजे बेसॉल्ट. त्यात लोहाची बारीक खनिजं असतात, मुख्यतः मॅग्नेटाईट आणि त्याचे टायटॅनियमयुक्त भाऊबंद. लाव्हा हजार अंशांहून जास्त तापलेला असतो, तेव्हा या कणांना चुंबकत्व नसतं. तो निवत जातो तसं ते त्यांच्यात येतं. शुद्ध मॅग्नेटाईटच्या बाबतीत ही सीमा ५८० अंश सेल्सिअसची. त्या घडीला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला असेल, ती दिशा कणांमध्ये गोठून बसते. उत्तर कुठे होती एवढंच त्यातून कळत नाही. मोकळी सुई जमिनीकडे किती झुकली असती, हेही कळतं. विषुववृत्तावर ती जवळपास आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावं तशी अधिकाधिक उभी होते. म्हणजे झुकाव मोजला की खडक कोणत्या अक्षांशावर जन्मला, हे काढता येतं.

हे भारताच्या बाबतीत करून पाहावं, ही कल्पना १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजमध्ये टेड अर्व्हिंग या तरुण विद्यार्थ्याच्या मनात आली. त्यानं दख्खनच्या कातळाचे नमुने मागवले. संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी त्याला उत्तेजन दिलं आणि विखुरलेल्या दिशांची सरासरी काढण्याची रीत १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. पुराचुंबकत्वाचे, म्हणजे खडकांत गोठलेल्या जुन्या चुंबकत्वाचे, अभ्यासक आजही तीच वापरतात. अर्व्हिंगच्या प्रबंधाला मात्र केंब्रिजनं पीएच.डी. दिली नाही. पुढे याच विषयातल्या अग्रणींमध्ये त्याची गणना झाली.

दुसरा धागा नोबेल विजेते पी. एम. एस. ब्लॅकेट यांचा. फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला चुंबकत्व असतं का, हे तपासायला त्यांनी पंधराएक किलो वजनाचा सोन्याचा दंडगोल घेतला आणि अतिसंवेदनशील चुंबकमापी बांधला. उत्तर नकारार्थी आलं. मग तेच उपकरण खडकांकडे वळवलं गेलं. त्यांच्या गटातले क्लेग, डॉइश आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये भारतातल्या खडकांच्या चुंबकत्वावर निबंध प्रसिद्ध केला. या सुरुवातीच्या कामात खंडाळ्याचा कातळही होता. ब्लॅकेट आणि होमी भाभा यांचा स्नेह जुना. भाभांच्या मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हा विषय रुजला. सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी दख्खनचा कातळ जिल्ह्याजिल्ह्यांतून गोळा केला. १९६५ मध्ये एस. डी. लिखिते यांच्यासह त्यांनी खडकातल्या चुंबकीय कणांची जात ओळखणारं उपकरण स्वतः बांधून त्याचं वर्णन छापलं. परदेशी यंत्राची वाट न पाहता इथंच उभं केलेलं हे काम मराठी वाचकांना माहीत असायला हवं.

मोजणीतून निघालं ते थक्क करणारं होतं. आज घाटाखालच्या रायगड जिल्ह्यात मोकळी सुई उत्तरेकडे पंचवीसेक अंशांनी खाली झुकते. घाटातल्या कातळातली गोठलेली दिशा दक्षिण-आग्नेयेकडे असून पन्नास अंशांच्या आसपास झुकलेली. दक्षिणेकडचं तोंड सांगतं की तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटलेले होते. झुकाव सांगतो की ही जमीन तेव्हा सुमारे ३० अंश दक्षिण अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्ताच्या पलीकडे होती. आज कर्जत १९ अंश उत्तरेला आहे. हा प्रवास साधारण साडेपाच हजार किलोमीटरचा. खंडं सरकतात हे मानायला बहुतेक भूशास्त्रज्ञ त्या काळी तयार नव्हते, सागरतळाचा पुरावा १९६०च्या दशकात पुढे यायचा होता. त्याआधी हे दगड बोलले होते.

नमुना घेण्याची रीत जवळून पाहिली की या कामातली शिस्त कळते. पेट्रोलवर चालणाऱ्या, हिऱ्याचं पातं बसवलेल्या ड्रिलनं, पाणी सोडत, अडीच सेंटिमीटर व्यासाची कांडी कापतात. ती मुळातून सुटण्याआधी तिच्यावर रेघ मारून दिशा आणि उतार टिपतात. बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय, म्हणून साध्या होकायंत्रावर विसंबत नाहीत, सूर्याच्या सावलीवरून दिशा पक्की करतात. वीज पडलेल्या शेंड्यावरचा दगड टाळतात, कारण विजेनं जुनी नोंद पुसली जाते. प्रयोगशाळेत कांडी टप्प्याटप्प्यानं तापवून नंतर चढलेलं चुंबकत्व उतरवतात. जे हट्टानं उरतं, तेच मूळ.

१९७१ मध्ये युट्रेख्टच्या वेन्सिंक आणि क्लूटवाइक यांनी पुण्याजवळच्या घाटांचं मापन प्रसिद्ध केलं. तोवर एक सोयीची समजूत रूढ झाली होती: समुद्रसपाटीपासून सहाशेएक मीटरपर्यंत उलट्या चुंबकत्वाचे थर आणि वर सुलट्या, म्हणजे आजच्यासारख्या. ती टिकली नाही, कारण थर सगळीकडे सपाट नाहीत. १९८६ मध्ये बीन, टर्नर, हूपर, सुब्बाराव आणि वॉल्श यांनी रसायनावरून थरांचे गट पाडले. त्यांतले दोन नेरळ आणि ठाकूरवाडी यांच्या नावांचे. त्याच वर्षी कुर्तियो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सुलटा, उलटा, सुलटा एवढ्याच तीन चुंबकीय टप्प्यांत हा पसारा बसतो. लाखो घनकिलोमीटर लाव्हा भूशास्त्राच्या हिशेबात फार थोड्या काळात बाहेर पडला, आणि तोही डायनासोर नष्ट झाले त्या सुमाराला.

आता हिमालय. भारताची भूमी उत्तरेला जात होती वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून अधिक वेगानं. सागरतळाच्या चुंबकीय पट्ट्यांवरून पात्रिया आणि अशाश यांनी १९८४ मध्ये दाखवलं की पाचेक कोटी वर्षांपूर्वी हा वेग एकदम मंदावला. आशिया आडवा आला होता. मधल्या समुद्राचा गाळ आणि भारताचा काठ चेपून, घड्या पडून उंच उठला. सह्याद्रीत काम केलेले क्लूटवाइक पुढे हिमालयात गेले. तिथल्या खडकांतल्या दिशा कमानीच्या निरनिराळ्या भागांत वेगवेगळ्या वळलेल्या दिसल्या, त्यावरून हिमालयाची कमान वाकत कशी गेली याची मांडणी त्यांनी सहकाऱ्यांसह १९८५ मध्ये केली. पण वळण मोजायचं तर न वळलेला, न चेपलेला आधार लागतो. तो आधार म्हणजे द्वीपकल्पातले असे शांत पडलेले थर. हिमालयातला दगड किती फिरला, हे दख्खनचा दगड शेजारी ठेवल्यावरच ठरतं.

सह्याद्रीची गोष्ट वेगळी. तो घड्या पडून उभा राहिलेला नाही. पश्चिमेचा किनारा तुटला, भूमी उचलली गेली आणि नद्यांनी कडा कोरत मागे नेला. कर्जत-खालापूरच्या पश्चिमेला थर समुद्राकडे कलतात. जे. बी. ऑडन यांनी १९४९ मध्ये वर्णन केलेलं हे पनवेलचं वाकण. ते केव्हा घडलं, हे तपासायची चाचणीही चुंबकत्वाचीच आहे. थर निवल्यावर कलला असेल तर त्यातली गोठलेली दिशाही तेवढीच कललेली सापडते आणि थर मनानं सरळ केला की शेजारच्या आडव्या थरांशी जुळते. हे वाकण कशानं झालं यावर अजून वाद आहे. हेतू शेठ यांनी १९९८ मध्ये ते खोल वक्र प्रस्तरभंगाशी जोडलं.

हे काम आज रायगडातच चालतं. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे आणि १९०४ पासून नोंदी ठेवणारी अलिबागची वेधशाळा तिचीच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, म्हणून कुलाब्याचं चुंबकीय काम तिकडे हलवलं होतं. संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मुंबईजवळच्या डाईकांवरून, म्हणजे भेगांत गोठलेल्या लाव्हाच्या भिंतींवरून, प्रश्न विचारला की ध्रुव उलटण्याचे टप्पे तीनच होते की अधिक.

असे प्रश्न पुढेही विचारता यावेत म्हणून कातळ जागेवर राहायला हवा. क्रशरमध्ये खडी झालेल्या दगडाची दिशा कायमची हरवते, मग तो कितीही जपून संग्रहालयात ठेवा. रस्ते, बोगदे, घरं यांना दगड लागणारच. पण नेरळ, ठाकूरवाडी आणि खोपोलीच्या वरच्या घाटातले काही उघडे छेद राखून ठेवावेत, थरांची नावं सांगणारे फलक तिथं लावावेत आणि कर्जत-खालापूरच्या शाळांनी मुलांना ते दाखवावेत. जगभरच्या भूशास्त्राच्या निबंधांत या गावांची नावं छापली जातात. ती का छापली जातात, हे तिथल्या मुलांना कळणं हा त्यांचा हक्क आहे.