मुठीतले दान आणि मोबाईलमधले दान

घरोघरी जात्यावर दळण होत असे त्या काळी कित्येक मराठी घरांतून स्वयंपाकाच्या जागी एक वेगळे मडके ठेवलेले असे. शिजविण्यासाठी तांदूळ किंवा दळण्यासाठी ज्वारी काढली, की गृहिणीने त्यातली एक मूठ प्रथम या मडक्यात टाकावयाची. काही दिवसांनी संस्थेचा माणूस दारी येई व साठलेले धान्य घेऊन जाई. यालाच मुष्टिफंड म्हणत. पणजीत १९०८ साली, पोर्तुगीज अमदानीत, स्थापन झालेल्या शिक्षणसंस्थेने हेच नाव धारण केले, आणि ते आजही चालत आहे. सातारा भागात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा तिच्या वसतिगृहांतील मुलांच्या जेवणालाही अशाच मुठीचा आधार मिळाला.

आज मडक्याची जागा मोबाईलने घेतली आहे. चहाच्या टपरीपासून देवळाच्या दारापर्यंत सर्वत्र काळ्या-पांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड लावलेला दिसतो. त्यावर मोबाईल धरला, की पाच रुपयांपासून पाच हजारांपर्यंतची रक्कम क्षणात संस्थेच्या खात्यात जमा होते. देण्याचे साधन इतके सोपे यापूर्वी कधीच नव्हते. मग लहान लहान संस्थांचे चालक महिनाअखेरीस चिंतातुर का दिसतात? दान कमी झाले आहे काय? या प्रश्नाचे उत्तर दानाच्या बदललेल्या स्वरूपात शोधावे लागते.

महाराष्ट्रातील जुन्या निधिसंकलनाकडे पाहिले, तर त्यात दोन प्रवाह दिसतात. पहिला लहान, पण नित्य दानाचा. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येक माणसाकडून वर्षाला केवळ एक पैसा मागण्याची कल्पना काढली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैशांतून तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेने भाऊबीज फंड सुरू केला. दिवाळीच्या सुमारास संस्थेच्या भगिनींनी दारोदार जावे, आणि बहिणीला घालावयाच्या ओवाळणीतला थोडा भाग घरच्या भावांनी त्यांच्या हाती ठेवावा, अशी ही योजना होती.

दुसरा प्रवाह मोठ्या दात्यांचा. कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाख रुपयांची देणगी दिली. त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई यांचे नाव विद्यापीठाला मिळाले, ते यामुळेच. जमशेटजी टाटा यांनी तर त्याच्याही आधी, १८९२ साली, होतकरू विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला होता. मोठ्या दानाने इमारत उभी राहते, लहान दानाने त्या इमारतीत रोज चूल पेटते. संस्थेला दोहोंची गरज असते.

आजही हे दोन्ही प्रवाह आहेत, परंतु त्यांची पात्रे बदलली आहेत. मोठ्या दानाचे पात्र कायद्याने आखले गेले. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने ठराविक मर्यादेपलीकडे नफा, उलाढाल किंवा मालमत्ता असलेल्या कंपन्यांवर एक बंधन घातले. मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम त्यांनी समाजकार्यावर खर्च करावयाची. हे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. त्यामुळे शाळा, आरोग्य, पाणी, स्वच्छता इत्यादी कामांसाठी मोठा निधी उपलब्ध झाला, यात संशय नाही. मात्र कंपनी स्वाभाविकपणेच जिथे तिचा कारखाना असतो त्या भागाकडे प्रथम पाहते, आणि कायदाही तसेच सुचवितो. तिला अहवाल हवे असतात, आकडे हवे असतात, ठराविक मुदतीत पुरे होणारे काम हवे असते. ज्या संस्थेत इंग्रजीतून प्रकल्प-अहवाल लिहिणारा माणूस नाही, जिच्या गावाजवळ मोठा कारखाना नाही, तिच्या वाट्याला या निधीतले फारसे येत नाही.

लहान दानाचे पात्र बदलले ते इंटरनेटने. २०१० साली बंगळुरूत मिलाप आणि २०१२ साली मुंबईत केटो ही स्थळे निघाली. कोणीही गरजू माणूस आपली हकीकत व छायाचित्र तेथे ठेवतो आणि देशोदेशींचे अनोळखी लोक तिथल्या तिथे पैसे पाठवितात. याला लोकवर्गणीचेच नवे रूप म्हणता येईल. २०१६ मध्ये यूपीआय ही पैसे पाठविण्याची पद्धत आली आणि हे काम आणखी सुलभ झाले. स्नायू दुर्बळ करणाऱ्या एका दुर्मीळ आनुवंशिक रोगावर एकदाच द्यावयाचे परदेशी औषध आहे. त्याची किंमत १६ कोटी रुपयांच्या घरात होती. २०२१ च्या सुमारास मुंबई, हैदराबाद, गुजरात अशा ठिकठिकाणच्या आई-बापांनी आपल्या तान्ह्या बालकांसाठी एवढी प्रचंड रक्कम लोकांच्या लहान-मोठ्या देणग्यांतून जमविली. लोकांच्या मनातला ओलावा आटलेला नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

परंतु या ओलाव्याचा एक स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात काही लोकांना थोडे डॉलर देऊन त्यांतून हवे तितके दान करण्यास सांगितले होते. काहींना आफ्रिकेतील माली देशातील सात वर्षांच्या एका भुकेल्या मुलीचे छायाचित्र व हकीकत दिली. इतरांना लक्षावधी भुकेल्यांचे आकडे दिले. मुलीची हकीकत वाचणाऱ्यांनी आकडे वाचणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक दान दिले. नवल पुढेच आहे. ज्यांना मुलीच्या हकीकतीबरोबर आकडेही सांगितले, त्यांचे दान एकट्या हकीकतीपेक्षा कमी भरले. माणसाचे मन एका चेहऱ्याने हेलावते. संख्या मोठी झाली, की ते बधिर होते.

याचा परिणाम उघड आहे. ज्या दुःखाला चेहरा आहे, ज्याची मुदत जवळ आली आहे, ज्याचा शेवट सुखाचा दाखविता येतो, तिकडे पैसा धावतो. ज्या दुःखाला असा चेहरा नाही ते मागे राहते. एखाद्या अंध मुलांच्या वसतिगृहाचे उदाहरण घ्यावे. त्याच्या वाढदिवस-देणग्या बऱ्या असतात. श्रीखंड-पुरीचे जेवण अनेकजण घालतात. एकेका दिवशी दोन-दोन दाते जेवण घालण्यास येतात आणि त्यांना तारीख बदलून द्यावी लागते. पण स्वयंपाकीणबाईंचा पगार, विजेचे बिल, गळक्या छपराची दुरुस्ती, हिशेबनिसाचे वेतन, लेखापरीक्षकाची फी या खर्चांसाठी कोणी वाढदिवस साजरा करीत नाही. मुलांचे छायाचित्र काढता येते, विजेच्या बिलाचे काढून कोणाला पाझर फुटत नाही.

त्यातच ‘प्रशासकीय खर्च’ हा शब्द दात्यांच्या मनात खुपतो. आपला प्रत्येक रुपया थेट गरिबाच्या तोंडी पडावा, ही इच्छा चांगलीच आहे; परंतु तो रुपया गरिबापर्यंत नेणारे हातही माणसाचेच असतात, आणि त्या माणसालाही घर असते. या समजुतीला तडा देण्यासाठी २०१३ साली अमेरिकेतील तीन नामांकित दान-परीक्षण संस्थांनी दात्यांना उद्देशून एक जाहीर पत्र काढले. केवळ व्यवस्थापन-खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची किंमत करू नये, तिने काय काम साधले ते पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे मात्र नियम उलट दिशेने कडक होत गेले. २०२० साली परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तिने अशा देणग्यांतून प्रशासनावर करावयाच्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. मोठ्या संस्थेने परदेशातून पैसा मिळवून तो खेड्यातील लहान संस्थांना वाटून देण्यासही बंदी झाली. परकीय पैशावर देखरेख असावी, हे कोणीही मान्य करील. तथापि, जिला दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्थेमार्फत थोडा आधार मिळे, त्या खेड्यातील संस्थेचा एक झरा त्यामुळे आटला.

मग लहान संस्थांनी टिकावे कसे? उत्तर नवे नाही. ते त्या मडक्यातच आहे. मुष्टिफंडाचे बळ मुठीच्या आकारात नव्हते, ते तिच्या नित्यपणात होते. मूठ रोज पडे. म्हणून संस्थेच्या चालकाला पुढच्या महिन्याचा अंदाज बांधता येई. आज हेच काम बँकेला एकदा दिलेल्या सूचनेने होते. दरमहा ठराविक तारखेला दोनशे किंवा पाचशे रुपये आपोआप संस्थेच्या खात्यात जातात. शंभर माणसांनी दरमहा पाचशे रुपये दिले, तर महिन्याला ५० हजार होतात, आणि मध्यम आकाराच्या वसतिगृहाच्या दोन-तीन सेवकांचे वेतन त्यातून निघू शकते. कोणी एकाने एकदाच सहा लाख दिले तरी वर्षाची बेरीज तीच. पण पुढच्या वर्षी तो दाता येईलच याची शाश्वती नसते, आणि शंभरांपैकी पाच गळाले तरी पंचाण्णव उरतात.

दात्याला संस्थेपर्यंत नेण्याचे प्रयत्नही होत आहेत. २००९ पासून गांधी जयंतीच्या सप्ताहात देशभर दानोत्सव साजरा होतो. पुण्यात पितृपंधरवड्यात ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन भरते. पूर्वजांच्या स्मरणाच्या दिवसांत निरनिराळ्या संस्थांचे कार्यकर्ते तेथे एका छताखाली भेटतात, आणि दात्याला त्यांच्याशी समोरासमोर बोलता येते. अमेरिकेतील मराठी मंडळींनी १९७८ साली स्थापन केलेले महाराष्ट्र फाउंडेशन दूर राहूनही हेच काम करीत आले आहे. शेअर बाजारातही सामाजिक संस्थांसाठी वेगळा विभाग उघडला असून, डिसेंबर २०२३ मध्ये त्यावर पहिली संस्था नोंदली गेली. तेथे विकल्या जाणाऱ्या रोख्यावर व्याज नाही आणि मुद्दलही परत मिळत नाही. मिळतो तो केवळ कामाचा तपासलेला हिशेब.

हिशेबाचा मुद्दा येथे महत्त्वाचा ठरतो. साधन सोपे झाले तसे फसविणेही सोपे झाले. खोटी छायाचित्रे, दुसऱ्याच्याच आजाराची कागदपत्रे, मूळ क्यूआर कोडावर चिकटविलेला भलताच कोड, असे प्रकार घडतात. म्हणून पैसे पाठविण्यापूर्वी पडद्यावर कोणाचे नाव येते ते वाचावे. रुग्णासाठी मदत मागितली असेल, तर शक्यतो रुग्णालयाच्या खात्यातच रक्कम भरावी. संस्था नोंदलेली आहे की नाही, याची चौकशी महाराष्ट्रात व गुजरातेत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात, मध्य प्रदेशात सार्वजनिक न्यासांच्या निबंधकाकडे करता येते. प्राप्तिकराची सवलत हवी असेल, तर दोन हजार रुपयांवरची देणगी रोख देऊ नये. २०१७ पासून तशा देणगीला सवलत मिळत नाही. शिवाय नव्या करपद्धतीत दानावरची ही सवलत व्यक्तीला मिळतच नाही, हेही लक्षात असावे. केवळ सवलतीसाठी जे देत होते त्यांचा हात यामुळे आखडेल. जे कामासाठी देत होते त्यांचा आखडण्याचे कारण नाही.

कागदोपत्री चौकशीपेक्षाही एक जुनी परीक्षा अधिक विश्वासाची आहे, आणि ती म्हणजे प्रत्यक्ष भेट. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम व त्याच्या तरुण मित्रांनी संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाने जी संघटना काढली, तिचा मूळ नेमच असा, की सभासदाने गरिबाच्या घरी स्वतः जावे. मदत पाठवून मोकळे होऊ नये. आजही अनेक चर्चमधून या संघटनेचे सभासद तो नेम पाळतात. गरिबाच्या घरच्या बाकड्यावर अर्धा तास बसलेल्या माणसाला विजेचे बिल म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चेहरा पाहूनच ज्याचे मन हलते, त्याने निदान तो चेहरा छायाचित्राऐवजी प्रत्यक्ष पाहावा. मग त्या चेहऱ्यामागची चूल, छप्पर आणि त्या घरात राबणारी माणसेही त्याच्या नजरेस पडतात.

शुभवर्तमानात एका गरीब विधवेची कथा आहे. देवळाच्या दानपेटीत श्रीमंतांनी पुष्कळ टाकले, तिने केवळ दोन लहान नाणी टाकली, आणि तिचेच दान सर्वांत मोठे ठरले. मुष्टिफंडाची मूठ टाकणारी स्त्री या विधवेचीच बहीण होय. तिला प्रमाणपत्र मिळाले नाही, तिचे नाव कोणत्याही शिलेवर कोरले गेले नाही. पण ज्या मुलांनी त्या धान्याची भाकरी खाल्ली, त्यांतलेच पुढे शिक्षक झाले आणि त्यांनी गावोगावच्या शाळा चालविल्या. आज घरातले मडके गेले, याची खंत करण्याचे कारण नाही. आपल्या गावातली किंवा शेजारच्या गावातली एखादी संस्था निवडावी, एकदा तेथे जाऊन यावे, तिचा वार्षिक हिशेब मागून वाचावा, आणि मग मोबाईलमधून दरमहा एक मूठ तिच्या मडक्यात पडेल अशी व्यवस्था करून ठेवावी. महिनाअखेरीस त्या संस्थेच्या चालकाला वीज-बिलाची चिंता राहिली नाही, की त्याला मुलांच्या अभ्यासाकडे लक्ष देण्यास एक संध्याकाळ मोकळी मिळते.